देवळालीचे गणित शिक्षक : द. रा. कापरेकर

वाचकहो, जून महिन्यात शाळा उघडते आणि मी आठवीच्या वर्गावर गणिताच्या पहिल्या तासाला उभा राहतो, तेव्हा समोरचे निम्मे चेहरे उतरलेले असतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या डोंगरपट्टीतून, वाड्यापाड्यांतून ही मुले येतात. गणित म्हणजे नापासाचा विषय, ही समजूत ती घरूनच घेऊन येतात. गणित आमच्या घराण्यातच नाही, असे पालकही सहज सांगून जातात. अशा वेळी पुस्तक न उघडता मी त्यांना एका शाळामास्तराची गोष्ट सांगतो. तीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणापुढे ठेवीत आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. २०१४ पासून डहाणू पालघर जिल्ह्यात गेले असले तरी त्या काळी ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाला आकडेमोड लागते. ती आकडेमोड पाहता पाहता मुलाला आकड्यांची गोडी लागली. आठव्या वर्षी आईचे छत्र हरपले. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. इतर मुले खेळात रमत, तेव्हा हा मुलगा गणिताची कोडी सोडवीत बसे.

पुढे १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यांचे रीतसर शिक्षण येथेच संपले. वरची पदवी त्यांनी घेतली नाही, परदेशीही शिकायला गेले नाहीत. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी मुलांना शिकविले.

कल्याणहून देवळालीला जाणारा लोहमार्ग आपल्या आसनगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरूनच घाट चढतो. याच मार्गावरील डोंबिवली स्थानकात त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा चढून पुन्हा उतरणाऱ्या संख्या त्यांत येतात. स्थानकाच्या त्या काळच्या नावावरून कापरेकरांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटले. गाडीची वाट पाहताना आपण वेळ कसा घालवितो, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४६ सालचा. तो समजायला चौथीची वजाबाकी पुरे. वाचकहो, हाताशी कागद असेल तर आपणही करून पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. आपण स्वातंत्र्याचे वर्ष १९४७ घेऊ. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९७४१ होतात, चढत्या क्रमाने १४७९. वजाबाकी ८२६२. आता हीच कृती ८२६२ वर करा. ८६२२ मधून २२६८ गेले, राहिले ६३५४. पुढे ६५४३ मधून ३४५६ वजा करून ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ वजा करून ८३५२. शेवटी ८५३२ मधून २३५८ गेले की राहतात ६१७४. येथून पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च. आपण वेगळी संख्या घेतलीत तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामाला पोहोचाल. मध्ये तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य धरायला मात्र विसरू नये. मुले हमखास तेथेच चुकतात.

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

अशी आणखी पुष्कळ रत्ने त्यांनी वेचली. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून बेरीज घेतली की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. या झाल्या कापरेकर संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे सुंदर नाव दिले. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ हीसुद्धा हर्षद संख्या आहे. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की दुसरी संख्या जन्मते, जसे २१ पासून २४. पण २०, ३१, ४२ यांसारख्या काही संख्या अशा कोणापासूनच जन्मत नाहीत. त्या स्वयंभू.

एवढे करूनही मान मिळाला का? नाही. देशातल्या अनेक विद्वानांना हे सारे पोरखेळ वाटले. यात मोठा सिद्धांत कोठे आहे, असे म्हणून त्यांची उपेक्षा झाली. पण कापरेकर थांबले नाहीत. शाळेचे काम सांभाळून ते टिपणे लिहीत, छोट्या पुस्तिका स्वतःच छापून काढीत, परिषदांना जात. निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनीत भागेना, म्हणून त्यांनी गणित आणि शास्त्राच्या शिकवण्या केल्या. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाची ओळख करून दिली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले.

आता आपण विचाराल, आमच्या वर्गाला याचा उपयोग काय? तो मी वर्षभर करून घेतो. जूनमध्ये ६१७४ चा खेळ. मुले नकळत पंचवीस-तीस वजाबाक्या करतात आणि हातच्याची चूक आपली आपण शोधून काढतात, कारण चूक झाली की मुक्काम लांबतो किंवा वाट वेगळीच दिसते. भातलावणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो. तेव्हा उरलेल्यांना हर्षद संख्या शोधायला देतो, म्हणजे विभाज्यतेच्या कसोट्या पक्क्या होतात. वर्गसंख्या शिकविताना कापरेकर संख्या येतात. जानेवारीत म्हशाची यात्रा भरते, मुलांचे लक्ष तिकडे असते. तोवर बीजगणित हाती आलेले असते. मग मी विचारतो की त्या पहिल्या वजाबाकीला नेहमी ९ ने भाग का जातो? उतरत्या क्रमाचे अंक अ, ब, क, ड धरले, तर वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) होते. दोन्ही पदे ९ च्या पटीत! अक्षरे गणितात कशाला आणली, हे त्या दिवशी मुलांना पटते.

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला तो थेट पावसाळ्याच्या तोंडाशी परतला. मी त्याला कच्चा ठरवून मागच्या बाकावर बसविले होते. पुढच्या जूनमध्ये ६१७४ चा खेळ मांडला, तर सर्वांआधी मुक्कामाला तोच पोहोचला, आणि तोंडी! चौकशी केली तेव्हा कळले की भट्टीवर विटांचा हजारी हिशेब तोच ठेवीत असे. किती हजार विटा पाडल्या, किती मजुरी झाली, मालकाकडून घेतलेली उचल किती फिटली, किती उरली, हे बापाला तोच सांगे. ज्या घरात कोणाला वजाबाकी येत नाही, त्या घरची उचल कधी फिटत नाही. मी मात्र त्याची वजाबाकी वहीत नाही म्हणून त्याला ती येत नाही, असे समजून बसलो होतो. त्या दिवशी मी त्याला पुढच्या बाकावर आणले. लाज मला वाटली, त्याला नव्हे.

वाचकहो, कापरेकरांच्या चरित्रातून मी घेतलेला बोध हाच आहे. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, मोठी पदवी नव्हती. वजाबाकी, गुणाकार आणि चिकाटी एवढेच भांडवल होते, आणि ते तर आपल्या प्रत्येक वर्गात आहे. कोणते मूल किती दूर जाईल, हे आठवीच्या जूनमध्ये कोणी ठरवू नये, शिक्षकाने तर नाहीच.

पालकांना एकच विनंती आहे. आज रात्री जेवणानंतर आपल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा, चार अंक निवडायला सांगा आणि दोघे मिळून ६१७४ पर्यंत चालत जा. आपण शाळा शिकला नसाल तर तिने किंवा त्याने आपल्याला शिकवावे. डहाणूच्या त्या कारकुनाच्या घरातही गोडीची सुरुवात अशीच, बापाशेजारी बसून झाली होती.