जेम्स पार्किन्सन
जेम्स पार्किन्सन (११ एप्रिल, १७५५ - २१ डिसेंबर, १८२४) हे इंग्लिश शल्यचिकित्सक, जीवाश्म-अभ्यासक व राजकीय लेखक होते. कंपवाताला त्यांचेच नाव मिळाले आहे.

लंडनमधील हॉक्स्टन येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांप्रमाणे तेही तेथेच वैद्यकी करीत. संसदीय सुधारणांसाठी त्यांनी ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने पत्रके लिहिली. राजाच्या हत्येच्या कथित कटासंबंधी १७९४ मध्ये त्यांची प्रिव्ही कौन्सिलपुढे चौकशी झाली. १८०७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे ते संस्थापक सदस्य होते.

१८१७ मध्ये त्यांनी कंपवातावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहाच रुग्ण होते आणि त्यांपैकी काही त्यांना केवळ रस्त्यात दिसलेले होते. हातांची थरथर, पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता नकळत धावू लागणारी पावले त्यांनी अचूक टिपली. शवविच्छेदनाचा पुरावा नसल्याची उणीव त्यांनी स्वतःच मान्य केली. पुढे फ्रेंच मेंदूतज्ज्ञ शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले.

आज मेंदूत खोलवर विद्युदग्रे बसवून दिलेल्या उद्दीपनाने अनेकांचा कंप आटोक्यात येतो. चालताना पाय जागीच खिळणे व तोल जाणे यांवर मात्र या उपचाराचा गुण तितका खात्रीने येत नाही. पार्किन्सन यांनी रस्त्यावर पाहिलेली ती चाल वैद्यकापुढील अवघड प्रश्न म्हणून अद्याप उरली आहे. त्यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.