मुंबईच्या प्लेगचा आलेख मांडणारे डॉ. मॅकेंड्रिक कोण होते?

उलव्यातून अटल सेतूवर गाडी घातली की समोर मुंबई. इथल्या १९०५-०६च्या प्लेगमधले आठवडावार मृत्यू अँडरसन मॅकेंड्रिक यांनी पुढे गणितात बसवले. १८७६ साली जन्मलेले हे स्कॉटिश डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. १९२०मध्ये ते एडिनबराला परतले. तिथले सहकारी विल्यम कर्मॅक यांची दृष्टी १९२४मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली. तरी १९२७मध्ये दोघांचा शोधनिबंध आलाच. त्यात माणसांचे तीन गट होते: लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे किंवा मृत. पहिला गट ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की साथ ओसरू लागते, सगळ्यांना लागण न होताच. मुंबईचा आलेख चांगलाच जुळला. पण प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा, आणि समीकरणांत उंदरांचा वेगळा हिशेबच नव्हता! मॅकेंड्रिक १९४३मध्ये वारले. कोविडच्या लाटांचे अनेक अंदाज याच तीन गटांवर बांधले गेले.