वाट मोकळी करणारा वीर

रणांगणावरील शौर्याची आपली कल्पना बहुधा उगारलेल्या शस्त्राशी निगडित असते. किती शत्रू मारले, कोणते ठाणे सर केले, यावरून वीराची थोरवी मोजण्याची आपल्याला सवय जडली आहे. मेजर रामा राघोबा राणे यांचे चरित्र या सवयीला छेद देते. परमवीरचक्र हा स्वतंत्र भारताचा सर्वोच्च युद्धसन्मान त्यांना लाभला तो एक रस्ता मोकळा केल्याबद्दल.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारनजीकच्या चेंडिया गावी झाला. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वडील पोलीस शिपाई; त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण निरनिराळ्या गावांच्या शाळांतून झाले. १९४० साली, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले आणि पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले. आराकानमधून माघार घेताना युद्धसामग्री जपान्यांच्या हाती पडू नये, म्हणून बुथिडाँग येथे ती नष्ट करण्यासाठी त्यांना काही सैनिकांसह मागे ठेवण्यात आले. काम संपल्यावर जपानी गस्तीला चुकवून, नदी ओलांडून ते परतले. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. ब्रह्मदेशात त्यांचे काम विध्वंसाचे होते. त्यांची खरी कसोटी लागली ती बांधणीच्या कामात.

नोव्हेंबर १९४७ मध्ये काश्मीरवर चालून आलेल्या हल्लेखोरांनी राजौरी घेतली आणि तेथील नागरिकांची निर्घृण कत्तल केली. पुढील मार्चमध्ये झांगर परत मिळाल्यावर भारतीय सैन्याने नौशेऱ्याहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरविले. हाताशी रणगाडे होते; परंतु डोंगरातील अरुंद रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे आडवी पाडून बंद केला होता. रणगाडा कितीही बलाढ्य असो, त्याला वाट नसेल तर तो निव्वळ लोखंडाचा ढिगारा ठरतो. राजौरीत अडकलेल्यांच्या दृष्टीने तर प्रत्येक दिवसाचा विलंब जीवघेणा होता.

८ एप्रिल १९४८ रोजी चौथ्या डोग्रा पलटणीबरोबर राणे यांची तुकडी निघाली. सुरुंग काढण्यास प्रारंभ होतो न होतो तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, राणे यांच्यासह पाच जखमी झाले. स्वतः जखमी असूनही राणे यांनी काम थांबविले नाही. पुढील तीन दिवस गोळीबाराच्या छायेत हे काम चालू राहिले. सुरुंग काढावेत, अडथळे उडवावेत, जेथे मूळ रस्ता उपयोगाचा नसेल तेथे नवा वळणरस्ता काढावा, असा हा क्रम. एके ठिकाणी देवदारवर्गातील प्रचंड झाडांचा अडसर होता आणि त्याभोवती सुरुंग होते. रणगाड्याच्याच आडोशाने तेथपर्यंत पोहोचून राणे यांनी तो दूर केला. चिंगसपर्यंतची वाट अशी खुली झाली आणि १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत शिरले.

या पराक्रमाबद्दल २१ जून १९५० रोजी राणे यांना परमवीरचक्र जाहीर झाले. हयातीत हा मान मिळालेले वीर फारच थोडे. या पदकावरील वज्राची कल्पना सावित्रीबाई खानोलकर यांची. तिच्यामागे दधीची ऋषींची कथा आहे. स्वतःच्या अस्थी साधन म्हणून देणाऱ्या दधीचींचे स्मरण देणारे हे चिन्ह राणे यांच्या छातीवर विशेष शोभले, यात शंका नाही.

१९६८ साली मेजर म्हणून ते निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर आज त्यांचा पुतळा उभा आहे. अंदमानातील एका बेटालाही २०२३ साली त्यांचे नाव देण्यात आले. परंतु त्यांचे स्मरण केवळ पुतळ्यापुरते उरू नये. समाजाच्या प्रत्येक वाटचालीत पुढे जाणाऱ्यांचा जयजयकार होतो आणि वाट करून देणाऱ्यांचा विसर पडतो. पूल बांधणारा, रूळ तपासणारा, शाळेत अक्षर गिरवून घेणारा, हे सारे त्याच विस्मृतीचे धनी. राष्ट्राने आपला सर्वोच्च मान एकदा तरी अशा श्रमाला दिला, हे राणे यांच्या चरित्रातून ध्यानी घ्यावयाचे आहे.