आजाऱ्यांचा राजा : कंबोडियाचा सातवा जयवर्मन



आपल्या विहाराच्या स्मरणिकेत सम्राट अशोकावर, राजा मिलिंदावर, हर्षवर्धनावर नेहमीच लिहिलं जातं, आणि ते लिहिलंच पाहिजे. पण पूर्वेला समुद्रापलीकडे कंबोडिया देशात आठशे वर्षांपूर्वी एक बौद्ध राजा होऊन गेला, त्याचं नाव आपल्या वस्तीत दहा जणांना विचारा, एकालाही सांगता येणार नाही. मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. सूतगिरणीतली पाळी संपवून वाचनालयात बसायची माझी जुनी सवय. तिथं एका फाटक्या पुस्तकात एक चित्र दिसलं. दगडी बुरूज, त्याच्या चारी बाजूंना चार प्रचंड चेहरे, डोळे मिटल्यासारखे आणि ओठांवर किंचित हसू. ते चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना. तेव्हापासून जिथे जे मिळेल ते वाचत गेलो. या राजाचं नाव सातवा जयवर्मन.

त्या लोकांना ख्मेर म्हणतात. त्यांची राजधानी अंकोर इथे, तोन्ले साप या मोठ्या तळ्याच्या उत्तरेला होती. त्यांचे राजे बहुतेक शिवाचे किंवा विष्णूचे भक्त. जगप्रसिद्ध अंकोर वाट हे देऊळ दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधलं. अशा घराण्यात धरणींद्रवर्मन नावाचा राजपुरुष बुद्धाच्या मार्गाने चालणारा निघाला. त्याचा मुलगा जयवर्मन. जन्म साधारण 1120 ते 1125 च्या दरम्यान. आईचं नाव जयराजचूडामणी.

तरुणपणी तो सैन्य घेऊन चंपा देशात गेला. चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनामचा मधला भाग. घरी त्याची बायको जयराजदेवी एकटी राहिली. नवरा दूर, जिवाची शाश्वती नाही, म्हणून ती उपासतापास आणि कडक व्रतं करून अंग झिजवू लागली. तेव्हा तिची थोरली बहीण इंद्रदेवी हिने तिला बुद्धाच्या शिकवणीकडे वळवलं आणि शांत केलं. ही हकिगत पुढे शिलालेखात कोरली गेली म्हणून आपल्याला कळते. ती कोणी कोरवली हे पुढे सांगतो.

साधारण 1165 च्या सुमारास राजधानीत बंडाळी झाली. गादीवरच्या यशोवर्मनला मारून एका अधिकाऱ्याने सत्ता बळकावली. जयवर्मन राजाच्या मदतीसाठी धावत आला, पण उशीर झाला होता. आता बघा, सैन्य बाळगणारा राजपुत्र अशा वेळी काय करील? लगेच तलवार उपसून देशात रक्ताचा सडा घालील. जयवर्मनने तसं केलं नाही. तो थांबला. एक वर्ष नव्हे, दोन वर्षं नव्हे, जवळजवळ पंधरा वर्षं थांबला. ती वर्षं त्याने कशी काढली याचा तपशील कोरलेला सापडत नाही. पण पुढच्या कामाकडे पाहिलं तर वाटतं, या काळात त्याने रयतेत राहून बरंच काही जवळून पाहिलं असावं. हे माझं मत.

1177 साली चंपाच्या राजाने अंकोरवर हल्ला केला. आरमार घेऊन ते लोक नदीतून वर तळ्यात शिरले असं सांगतात. राजधानी लुटली गेली, बळकावू राजा मारला गेला. देश उघडा पडला. तेव्हा जयवर्मन पुढे आला. त्याने विखुरलेले लोक गोळा केले, चंपाच्या सैन्याशी लढाया दिल्या आणि 1181 मध्ये तो गादीवर बसला. वय पन्नास-साठीच्या घरात. ज्या वयात आपल्याकडे माणूस फंडाचे पैसे कधी मिळतील याची चौकशी करायला लागतो, त्या वयात या माणसाचं काम सुरू झालं.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. जयवर्मनने आपल्या राज्यात आरोग्यशाळा उभारल्या. किती? त्याने 1186 साली आईच्या स्मरणार्थ बांधलेल्या ता प्रोम विहाराच्या शिलालेखात आकडा दिला आहे, 102. त्या आरोग्यशाळांचे स्वतंत्र शिलालेखही सापडले आहेत, त्यातला एक तर लाओसमध्ये व्हिएनतियानजवळ मिळाला. ईशान्य थायलंडातही या शाळांचे दगडी अवशेष आहेत. म्हणजे केवळ राजधानीतल्या सरदारांसाठी ही सोय नव्हती, राज्याच्या टोकापर्यंत पोचली होती.

शिलालेखांची भाषा संस्कृत आहे. राजाबद्दल त्यात जे लिहिलंय त्याचा आशय असा, की प्रजेच्या शरीरातला रोग राजाच्या मनाला जडत असे आणि त्याची वेदना त्याला जास्त व्हायची. राजाची स्तुती करणारे लेख सगळीकडे असतात, भाट पैसे घेऊन लिहितो, हे मला समजतं. पण याच लेखात पुढे जी यादी दिली आहे ती भाटाची नाही, कोठाराच्या कारकुनाची आहे. प्रत्येक शाळेला दोन वैद्य. औषध वाटणारे वेगळे, स्वयंपाक करणारे वेगळे, पाणी तापवणाऱ्या आणि औषध कुटणाऱ्या बायका वेगळ्या, भात कांडणाऱ्या वेगळ्या. राजाच्या कोठारातून वर्षातून तीन वेळा माल यायचा. मध, तीळ, तूप, मिरी, जिरं, मोहरी, सुंठ, वेलदोडा, कापूर, सगळं मोजून मापून. इथे काम करणाऱ्यांना कर माफ आणि वेठबिगार माफ. हातून काही चूक झाली तरी त्यांना शिक्षा नाही, पण जिवाला क्रूरपणे वागवलं तर मात्र माफी नाही.

आणि दवाखाना कोणासाठी? चारही वर्णांसाठी. हे कोरून ठेवलंय. आठशे वर्षांपूर्वी दगडावर असं कोरणं ही साधी गोष्ट नाही. पण आपल्यासारख्या माणसाच्या मनात लगेच प्रश्न येतो, की चार वर्णांच्या बाहेर जे होते त्यांचं काय? तिथे युद्धात पकडून आणलेले गुलाम होते, डोंगरातली माणसं होती. त्यांना दारात घेत होते की नाही याचं उत्तर दगडावर नाही. राजा बौद्ध होता म्हणून आपण तो प्रश्न विचारायचा नाही असं होऊ शकत नाही.

या शाळांची मुख्य देवता भैषज्यगुरू, म्हणजे औषध देणारा बुद्ध. आजाऱ्यांची सेवा म्हणजे माझीच सेवा, अशी तथागतांची शिकवण आहे हे आपल्याला माहीत आहे. भिक्खूला अतिसार झाला, तो घाणीत पडला होता, तेव्हा भगवंतांनी आनंदला बरोबर घेऊन स्वतः त्याला धुतलं. सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधाची व्यवस्था केल्याचं शिलालेखात सांगितलंय. जयवर्मन त्याच वाटेवरचा. माझे वडील छातीच्या दुखण्याने आजारी असताना एका सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर मी त्यांना घेऊन रात्रभर बसलो होतो. चिठ्ठी आहे पण औषध नाही, एवढंच उत्तर मिळत होतं. त्यामुळे कोठारातून वर्षातून तीन वेळा मध आणि मिरी येत होती हे वाचल्यावर माझं मन जरा वेगळंच झालं.

दवाखान्यांबरोबर त्याने रस्त्यांवर विश्रामगृहं बांधली. 1191 च्या प्रिआ खान शिलालेखात त्यांची संख्या 121 दिली आहे. अंकोर ते चंपाची राजधानी या वाटेवर 57, अंकोर ते थायलंडातल्या फिमाईच्या वाटेवर 17, बाकी इतर वाटांवर. शिलालेखात त्यांना अग्निगृह अशा अर्थाचं नाव आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. आईसाठी ता प्रोम बांधलं, तिथे आई प्रज्ञापारमितेच्या रूपात. वडिलांसाठी प्रिआ खान, तिथे वडील लोकेश्वराच्या रूपात. एकट्या ता प्रोमच्या सेवेला 3,140 गावं आणि 79,000 हून जास्त माणसं जोडली होती. आरोग्यशाळांच्या पुरवठ्यासाठी 838 गावं आणि 81,640 माणसं. हे आकडे राजाने अभिमानाने कोरवलेत. मी मात्र ते गिरणीच्या हजेरीपटासारखे वाचतो. त्या प्रत्येक आकड्यामागे शेतात वाकलेली पाठ आहे. कुलेन डोंगराच्या पायथ्याहून दगड कोणी ओढून आणले? राजाने स्वतःला आणि आईवडिलांना बुद्ध-बोधिसत्त्वांच्या रूपात उभं करावं हेही बाबासाहेबांच्या विचारावर वाढलेल्या आपल्याला पटणार नाही. चंपावर त्याने उलटी स्वारी केली, 1203 ते 1220 तो देश ख्मेरांच्या ताब्यात होता. कलिंगानंतरचा अशोक तो नव्हता.

पण त्याच्या कारागिरांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडते. त्याने अंकोर थोम नावाचं नवं नगर वसवलं. चौरस तट, एकेक बाजू तीन किलोमीटर, पाच दरवाजे, बाहेर रुंद खंदक. मधोमध बायोनचं मंदिर. मी चित्रात पाहिलेले चेहरे याच मंदिराच्या बुरुजांवर आहेत, जवळजवळ दोनशे. ते लोकेश्वराचे की राजाचे की आणखी कोणाचे, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. लोकेश्वर म्हणजे आपला अवलोकितेश्वर, जो कान्हेरीला आणि अजिंठ्याला आपण पाहतो तोच. बायोनच्या भिंतींवर लढाया तर आहेतच, पण लढायांच्या शेजारी साधी माणसं कोरलीत. बाजारात मासळी विकणाऱ्या बाया, कोंबड्यांची झुंज, चुलीवरचं रांधणं, बैलगाड्या, बाळंत होणारी बाई. राजाच्या मंदिरावर बाळंतीण! असं आपल्याकडच्या किती देवळांत दिसतं?

राजाची स्वतःची म्हणून ओळखली जाणारी मूर्ती नॉम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अंगावर दागिना नाही, मुकुट नाही. केस मागे बांधलेले, अंगाने स्थूल, मान किंचित झुकलेली, डोळे खाली. दोन्ही हात तुटलेत. एखाद्या वयस्कर उपासकासारखा बसलेला दिसतो.

जयराजदेवी राज्याभिषेकानंतर काही वर्षांनी वारली. आईने टाकून दिलेल्या मुलींना तिने आपल्या लेकी मानून वाढवलं होतं. तिच्यानंतर राजाने इंद्रदेवीला पट्टराणी केलं. ही इंद्रदेवी विद्वान होती. विहारांत ती स्त्रियांना शिकवत असे. बहिणीच्या आयुष्याची हकिगत सांगणारा फिमेआनाकासचा संस्कृत शिलालेख तिने स्वतः रचला. बाराव्या-तेराव्या शतकात राणी वर्ग घेते आणि काव्यही रचते, हे आपल्या महिला मंडळातल्या भगिनींनी मुलींना जरूर सांगावं.

जयवर्मन 1218 च्या सुमारास वारला. मृत्यूनंतर त्याला महापरमसौगत हे नाव मिळालं. सौगत म्हणजे सुगताचा, बुद्धाचा अनुयायी. मग काळ फिरला. पुढे आठवा जयवर्मन शैव निघाला आणि विद्वानांच्या मते त्याच्या काळात बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडल्या गेल्या. भिंतींवरच्या कोनाड्यांतले हजारो बुद्ध गेले. काही ठिकाणी बुद्धाचं लिंग केलं, काही ठिकाणी दाढीवाला ऋषी. छिन्नीच्या खुणा आजही दिसतात. आपल्या देशातल्या लेण्यांच्या बाबतीत हा अनुभव आपल्याला नवा नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे माणसाची ओळखच पुसली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत विद्वान बायोनला नवव्या शतकातलं ब्राह्मणी देऊळ समजत होते. 1924 च्या सुमारास तिथे बांधकामाखाली झाकलेलं लोकेश्वराचं शिल्प उघडं झालं, आणि 1928 मध्ये जॉर्ज सेदेस या फ्रेंच विद्वानाने शिलालेखांच्या आधारे बायोन जयवर्मनचं असल्याचं दाखवून दिलं. 1933 साली त्याच मंदिराच्या मधल्या बुरुजाखालच्या खड्ड्यात तुकडे तुकडे केलेला बुद्ध सापडला. नागाच्या वेटोळ्यावर बसलेला, साडेतीन मीटरहून उंच. 2001 पर्यंत बांतेय क्देई विहाराच्या आवारात जपानी आणि कंबोडियन अभ्यासकांना जमिनीत पुरलेल्या 274 बुद्धमूर्ती मिळाल्या. ता प्रोमच्या दुरुस्तीत आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसं 2004 पासून काम करत आली. झाडांच्या मुळांनी भिंती आवळलेल्या आहेत, मूळ तोडलं तर भिंत पडते आणि ठेवलं तरी पडते, असं ते अवघड काम.

2017 च्या जुलैमध्ये अंकोर थोमच्या उत्तर दरवाजाबाहेर जयवर्मनच्या एका आरोग्यशाळेच्या जागी खोदकाम चाललं होतं. जेमतेम हातभर खोल गेल्यावर जवळजवळ दोन मीटरचा दगडी माणूस मातीत आडवा पडलेला मिळाला. दवाखान्याच्या दारावरचा राखणदार. त्याला उचलून संग्रहालयात नेलं. आणि 1933 च्या खड्ड्यातला तो मोठा बुद्ध? त्याचे तुकडे जोडले आणि 1935 साली अंकोर थोमच्या आवारातच, प्राम्पिल लोवेंग नावाच्या जागी त्याला बसवलं. बायोनपासून ते फार लांब नाही. तिथले लोक आजही त्याच्यापुढे उदबत्ती लावतात.