पंडिता रमाबाई : बायबलची भाषांतरे आणि एका वाचक स्त्रीचे चरित्र

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्राची मांडणी आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्या ‘शारदा सदन’ आणि ‘मुक्ती’च्या संस्थापिका म्हणून येतात, तर धर्मसुधारणेच्या इतिहासात त्यांच्या धर्मांतराची चर्चा होते. त्यांच्या आयुष्यातील अखेरचे जवळजवळ दीड तप ज्या कामात गेले, ते संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर मात्र या दोन्ही मांडण्यांत ओझरत्या उल्लेखापुरते उरते. प्रस्तुत लेखात रमाबाईंच्या चरित्राकडे एका वाचक स्त्रीचे चरित्र म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. संस्कृत, बंगाली, मराठी आणि इंग्रजी अशी बायबलची रूपे एकामागून एक त्यांच्या हाती आली. नंतर त्या मूळ हिब्रू व ग्रीकपर्यंत गेल्या आणि शेवटी स्वतःचे मराठी बायबल त्यांनी सिद्ध केले. कोणते भाषांतर कोणत्या वाचकाला उपयोगी पडते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी या प्रवासातूनच मिळवले, असे येथे सुचवायचे आहे.

१

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातनी पंडितांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर हिंडले. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगणे आणि श्रोते जे वाहतील त्यावर निर्वाह करणे, हा त्यांचा क्रम होता.

या पुराणिक जीवनातील एक बाब रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवली आहे. पुराण संस्कृतात वाचले जाई आणि बहुसंख्य श्रोत्यांना त्याचा अर्थ कळत नसे. पवित्र शब्द कानांवर पडणे हेच पुण्य, अशी श्रद्धा असल्यामुळे अर्थ सांगण्याची वाचणाऱ्याला गरज वाटत नसे, ऐकणाऱ्यालाही विचारावासा वाटत नसे. पोथी आणि माणूस समोरासमोर असूनही त्यांची भेट होत नाही, हा अनुभव रमाबाईंनी व्यासपीठावर बसणाऱ्याच्या बाजूने घेतला होता. त्यांच्या उत्तरायुष्यातील भाषाविषयक निर्णयांचे मूळ येथे शोधावे लागते.

२

दुष्काळाच्या काळात आई, वडील आणि थोरली बहीण दगावल्यानंतर रमाबाई भाऊ श्रीनिवास याच्यासह भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच मुक्कामात दोन ग्रंथ त्यांच्या हाती आले. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली. स्त्रीला वेदाधिकार नाही असे शिकून वाढलेल्या या विदुषीला तो ग्रंथ उघडताना आधी मनातला निषेध ओलांडावा लागला.

दुसरा ग्रंथ संस्कृत बायबल हा होता. एका ख्रिस्ती मेळाव्यास बहीणभाऊ गेले असता ही प्रत त्यांना भेट मिळाली. बायबल संस्कृतात आणण्याची खटपट बंगालमध्ये जुनी होती. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांचा संस्कृत नवा करार १८०८ मध्येच निघाला होता आणि पुढे कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर केले होते. पंडितवर्गाला बायबल देववाणीतून दिले तर तो वर्ग ते आदराने वाचील, हा त्यामागचा हिशोब. रमाबाई म्हणजे या हिशोबातला आदर्श वाचकच. परंतु त्यांना ते बायबल वाचवेना. ग्रंथाचे बाह्य रूप आवडले. आतली भाषा मात्र त्यांना परिचित असलेल्या संस्कृत वाङ्मयाहून इतकी निराळी होती, की ते वाचणे म्हणजे कालापव्यय असे त्यांना वाटले. प्रत मात्र त्यांनी टाकून दिली नाही.

या प्रसंगाचे महत्त्व भाषांतरमीमांसेच्या दृष्टीने मोठे आहे. शब्द संस्कृत असले म्हणजे वाक्य संस्कृत होत नाही आणि भाषा प्रतिष्ठित असली म्हणजे ती त्या वाचकापर्यंत पोहोचतेच असे नाही. व्याकरणात पारंगत असलेल्या वाचक स्त्रीलाही परंपरेचा आधार नसलेले वाक्य परकेच वाटले.

३

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला व त्या सिल्चरला राहू लागल्या. तेथे घरातील पुस्तकांत त्यांना एक लहानशी पुस्तिका सापडली. ती लूकचे शुभवर्तमान होती, तीही बंगालीत. संस्कृतातले संपूर्ण बायबल ज्यांनी मिटून ठेवले, त्यांनी बंगालीतील हा एकच भाग आवडीने वाचला. येथे केवळ भाषा बदलली नव्हती, आवृत्तीही बदलली होती. सुटे शुभवर्तमान छापून वाटण्याची मिशनरी प्रथा नवख्या वाचकाच्या सोयीची होती. जाडजूड ग्रंथाचा धाक तिच्यात नव्हता, आणि एक सलग कथा हाती येत होती.

१८८२ मध्ये पतीच्या निधनानंतर रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष या त्याच वर्षातील घटना सर्वपरिचित आहेत. याच काळात मिस हरफर्ड या मिशनरी बाई त्यांना घरी येऊन मराठी नवा करार शिकवीत आणि सोबत इंग्रजीचे प्राथमिक धडेही देत. नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्याशीही त्यांची चर्चा होई.

मराठी बायबलला तोवर पाऊणशे वर्षांचा इतिहास होता. श्रीरामपूरहून १८११ मध्ये निघालेला नवा करार मोडी लिपीत होता. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनने ती भाषा मुलखात चालणारी नाही असे ठरवून नव्याने काम केले व १८२६ मध्ये आपला नवा करार काढला. संपूर्ण बायबल मुंबईतून १८४७ मध्ये निघाले आणि पुढे त्याची संस्करणे होत राहिली. रमाबाईंच्या हाती आले ते या परंपरेतील मराठी.

४

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या व त्यांनी संस्कृत शिकवलेही. त्यांचा इंग्लंडमधील मुक्काम इंग्रजी बायबलच्या इतिहासातही मोक्याचा होता. १६११ च्या अधिकृत भाषांतराचे संशोधित संस्करण तेव्हा निघत होते; त्याचा नवा करार १८८१ मध्ये आणि जुना करार १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावणेतीनशे वर्षे कानांत बसलेली भाषा मूळ संहितेच्या अधिक चांगल्या ज्ञानासाठी बदलावी काय, हा वाद तेथील वाचकांपुढे होता. पवित्र मानलेले भाषांतरही तपासता येते, हे रमाबाईंच्या भोवती प्रत्यक्ष घडत होते.

सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांची स्वतंत्र वृत्ती दिसते. धर्मसिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून मानण्यास त्या तयार नव्हत्या. ग्रंथ स्वतः वाचून निर्णय घेण्याचा अधिकार त्यांनी सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत यालाही त्यांनी हरकत घेतली. आपल्या देशबांधवांना अनोळखी असलेल्या लॅटिनऐवजी तेथे संस्कृत असावे, असा त्यांचा आग्रह होता. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की १८८४ च्या सुमारास रमाबाईंच्या मनात लॅटिनला पर्याय म्हणून संस्कृत होते, मराठी नव्हते. तेथून केडगावच्या बोलीपर्यंतचे अंतर त्यांना अजून कापायचे होते.

५

१८८६ ते १८८८ या अमेरिकेतील वास्तव्यानंतर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले. शारदा सदनातील वाचकवर्ग तरी ब्राह्मण घरांतील, मराठी मातृभाषा असलेल्या विधवांचा होता. केडगावला हे चित्र पालटले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो स्त्रिया व मुली आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. ‘मुक्ती’तील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. यांतल्या अनेकींची घरची भाषा हिंदी किंवा गुजराती होती आणि बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या मराठी शिकत होत्या आणि वाचायलाही त्याच वेळी शिकत होत्या.

रूढ मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा या स्त्रियांना पेलणारी नव्हती. १९०४ च्या सुमारास रमाबाईंनी स्वतः भाषांतर करण्यास घेतले, ते या निकडीतून. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. मराठीत धर्म बोलायचा म्हटले की संस्कृत शब्द येतो, आणि त्या शब्दामागे कर्म, जन्ममरणाचा फेरा, ब्रह्म अशा कल्पनांचा परिवार उभा असतो. परंपरेत वाढलेल्या रमाबाईंना हे अर्थवलय कोणत्याही परदेशी भाषांतरकारापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. म्हणून त्यांनी असे शब्द शक्यतो टाळून साध्या, रोजच्या बोलण्यातील मराठीकडे धाव घेतली. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या व्यक्तीने संस्कृत जाणीवपूर्वक दूर ठेवावे, हे मराठी गद्याच्या इतिहासात दुर्मिळ आहे.

मुद्रणाचा निर्णयही याच विचाराला धरून होता. मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता आणि तेथे खिळे जुळवण्यापासूनची कामे आश्रमातील स्त्रिया करीत. ज्यांच्यासाठी ग्रंथ, त्यांच्याच हातांनी तो छापला जात होता. नवा करार आधी छापला गेला. जुन्या कराराचे काम लांबत गेले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचा मृत्यू झाला. खालावलेल्या प्रकृतीत रमाबाई मुद्रितशोधन करीत राहिल्या आणि काम हातावेगळे होत असतानाच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

६

या भाषांतराचे मूल्यमापन करताना त्यातील ताण झाकण्याचे कारण नाही. रमाबाईंना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या: मूळ शब्दाशी निष्ठा आणि खेड्यातील बाईला कळेल अशी भाषा. या दोन अपेक्षा नेहमी एकत्र नांदत नाहीत. हिब्रू कथनात वाक्यामागून वाक्य ‘आणि’ने जोडले जाते, मराठी कथन ‘उठून’, ‘जाऊन’, ‘म्हणून’ अशा रूपांनी पुढे सरकते. शब्द साधा निवडूनही मूळचा क्रम राखला तर वाक्य अवघडते. रमाबाईंच्या गद्याबाबत असा अभिप्राय अभ्यासकांनी दिला आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. तरुणपणी संस्कृत बायबल ज्या कारणाने त्यांनी मिटले, त्याच कारणाचा काही अंश त्यांच्या स्वतःच्या भाषांतरात शिरला, हा या चरित्रातील विलक्षण भाग होय.

मुक्तीबाहेरच्या मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचे भाषांतरच रूढ राहिले. उपासनेत मोठ्याने वाचण्यासाठी समाजाच्या कानांत बसलेली भाषा लागते. अभ्यासकाला मूळ शब्दाचा माग दाखवणारे भाषांतर हवे असते. नवशिक्या वाचकाला सुबोध वाक्य आणि हाती धरता येईल असे पुस्तक हवे असते. एकच भाषांतर या साऱ्या गरजा भागवील, ही अपेक्षा सहसा पुरी होत नाही. आज मराठीत बायबलची एकाहून अधिक भाषांतरे आहेत. प्रॉटेस्टंट परंपरेतील ६६ आणि कॅथलिक परंपरेतील ७३ पुस्तके असा संहितेचाही फरक आहे. त्यांपैकी कोणते घ्यावे, हे वाचणारा कोण आहे यावर ठरते.

रमाबाईंनी हा वाचक निश्चित केला होता. न कळणारे पुराण ऐकत बसलेल्या श्रोत्यांपुढे वाढलेल्या मुलीने आयुष्याच्या अखेरीस, अर्थ आधी कळला पाहिजे, या भूमिकेतून एक प्रचंड ग्रंथ मराठीत आणला. त्यांच्या भाषांतराची समकालीन मराठी बायबलशी ओळीला ओळ लावून तुलना झाली, तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी गद्याविषयी आणि बोलभाषेच्या सामर्थ्याविषयी बरेच काही हाती येईल. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हे काम धर्मप्रचाराच्या कप्प्यात न ठेवता भाषेच्या इतिहासाचा भाग म्हणून हाती घेणे आवश्यक आहे.