रत्नागिरीचे दुसरे ‘बाळ गंगाधर’ : तुरुंग, मुख्यमंत्रीपद ते लंडन, बाळासाहेब खेर यांचा प्रवास

रेडी : बाळ गंगाधर म्हटलं की सगळ्यांना लोकमान्य टिळक आठवतात. पण रत्नागिरीत जन्मलेले आणखी एक बाळ गंगाधर होते, बाळासाहेब खेर. आपला सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधी आपण सगळे रत्नागिरी जिल्ह्यातच होतो, म्हणजे हा माणूस आपल्याच जिल्ह्याचा. आपल्याकडच्या जमिनीच्या कागदांशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

खेरांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले, संस्कृतात हुशार. पुढे सॉलिसिटर झाले. पैसा, प्रतिष्ठा सगळं होतं, तरी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३० साली इकडे शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह गाजला, त्याच चळवळीत खेरही तुरुंगात गेले. त्यानंतरही तुरुंगाच्या वाऱ्या चुकल्या नाहीत.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस जिंकली. नेतेपदासाठी के. एफ. नरिमन यांचं नाव चर्चेत होतं, पण निवड खेरांची झाली आणि त्यावरून बराच वाद झाला. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत. मुंबई प्रांतातलं काँग्रेसचं पहिलं सरकार खेरांनी चालवलं.

खोतीचा प्रश्न

तेव्हा कोकणात खोती होती. सरकारचा सारा खोत भरायचा आणि कुळांकडून पिकाचा मोठा वाटा घ्यायचा. वर वेठबिगार वेगळी. ही पद्धत बंद व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये विधेयक आणलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. खेरांनी शिष्टमंडळाची भेट घेतली, म्हणणं ऐकून घेतलं. पण विधेयक काही मंजूर झालं नाही. १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खोती तशीच राहिली.

‘छोडो भारत’च्या वेळी खेर पुन्हा तुरुंगात गेले, १९४४ ला सुटले. १९४६ मध्ये परत सत्तेवर आले आणि १९५२ पर्यंत राहिले. या काळात दलितांना मंदिरं खुली करणारा कायदा, प्राथमिक शिक्षणाचा कायदा, पुणे विद्यापीठाची स्थापना अशी कामं झाली. १९४८ मध्ये कूळ कायदा आला आणि १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. बाबासाहेबांच्या विधेयकानंतर बारा वर्षांनी का होईना, कोकणातली खोती खेरांच्याच सरकारनं मोडली.

मुख्यमंत्री झाले उच्चायुक्त

१९५२ मध्ये मुख्यमंत्रीपद मोरारजी देसाईंकडे गेलं. खेरांना भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला पाठवण्यात आलं. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे जो राजदूत पाठवतात, त्याला उच्चायुक्त म्हणतात. खेरांच्या आधी तिथे कृष्ण मेनन होते. ज्या इंग्रज सरकारनं पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकलं, त्याच्याच राजधानीत खेर स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून बसले. तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते चर्चिल, भारताच्या स्वातंत्र्याचे कडवे विरोधक. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, तोही खेरांच्याच कारकिर्दीत.

१९५४ मध्ये ते परतले. त्याच वर्षी पद्मविभूषण मिळालं. पुढच्या वर्षी राजभाषा आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. इंग्रजीची जागा हिंदीनं कशी आणि कधी घ्यायची, हा नाजूक प्रश्न या आयोगापुढे होता.

८ मार्च १९५७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यानंतर चोवीसच दिवसांनी, १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिन आला. त्यांच्या सरकारनं केलेल्या कूळ कायद्यात नंतर सुधारणा झाली होती, तिच्यानुसार त्या दिवशी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आपल्या गावांत आजही ‘३२ ग’ची प्रकरणं निघतात, ती याच कायद्यातली.

मुंबईत वांद्र्याची खेरवाडी त्यांच्या नावानं आहे. आपल्याकडे मात्र नव्या पिढीला हे नाव फारसं माहीत नाही. घरातला जुना सातबारा काढून बघा. त्यावर कूळ म्हणून आजोबा-पणजोबांचं नाव असेल, तर त्या नोंदीमागे मोर्चात चाललेले शेतकरी आहेत, बाबासाहेब आहेत आणि उशिरा का होईना, कायदा करणारे बाळासाहेब खेरही आहेत.