कमल रणदिवे : कर्करोगाच्या खुणांचा मागोवा

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीचा नमुना आज प्रयोगशाळेत जातो, तो केवळ गाठ घातक आहे की नाही हे पाहण्यासाठी नव्हे. त्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला प्रतिसाद देणारे रेणू आहेत काय, हर-टू हे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढले आहे काय, याचीही तपासणी होते व त्यावरून औषध ठरते. अशा रेण्वीय खुणांना बायोमार्कर म्हणतात. हे ज्ञान परदेशातून आयते आले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र ती समजूत दुरुस्त करावयास लावते.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने वैद्यक शिकावे ही त्यांची इच्छा. परंतु हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय निवडले. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या आणि विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले.

परदेशातच राहणे त्यांना अशक्य नव्हते. त्या मात्र परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. कर्करोगाचा कल असलेल्या उंदरांच्या वंशावळींवर प्रयोग करून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिहींचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी तपासला. रोगाचे बीज पेशीच्या घडणीत शोधावयाचे, ही त्यांची दृष्टी. या रोगाच्या आनुवंशिकतेशी निगडित असलेल्या बीआरसीए-वन या जनुकाचा छडा १९९४ मध्ये अमेरिकेत लागला. त्यानंतर काही वर्षांनी, २००१ मध्ये, रणदिवे यांचे निधन झाले.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी या केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील आदिवासींच्या आरोग्यकार्यात रमल्या. प्रयोगशाळेतील ज्ञान खेड्यातील स्त्रीपर्यंत पोहोचलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्यातून दिसून येतो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक प्रश्न पडतो. उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या सांभाळणाऱ्या संशोधनावर कोणता व्यापारी भांडवल गुंतवील? त्याचे फळ केव्हा मिळेल आणि कोणाला मिळेल, हे आधी सांगता येत नाही. असा खर्च समाजाने, म्हणजे सरकारी तिजोरीने व दानशूर विश्वस्तनिधींनी उचलावा लागतो. टाटा स्मारक रुग्णालय व भारतीय कर्करोग संशोधन केंद्र अशाच पैशावर उभे राहिले. मग समाजाच्या पैशावर पोसलेल्या ज्ञानाचा लाभ केवळ ऐपतीप्रमाणे मिळावा काय?

चऱ्होलीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी कामगारांची वस्ती मोठी आहे. अशा घरातील स्त्रीच्या गाठीची तपासणी खिशाला परवडत नाही म्हणून राहून गेली, तर तिला नेमके औषध मिळणार तरी कसे? चाचणी टाळून केलेली काटकसर ही खरी काटकसर नव्हे. उपयोग न होणाऱ्या औषधांवर त्याहून अधिक पैसा जातो आणि हातची वेळही निघून जाते. म्हणून या मूलभूत तपासण्या प्रत्येक जिल्हा व महापालिका रुग्णालयामार्फत विनामूल्य झाल्या पाहिजेत, आणि मूलभूत संशोधनाच्या अनुदानाला खर्चकपातीची कात्री लागता कामा नये. रणदिवे यांच्या नावाचे सोहळे करण्यापेक्षा एवढे केले, तर त्यांच्या कार्याचे ऋण काही अंशी तरी फिटेल.